साडभाऊंनी न तपासलेली पेटी

माझ्या साडूनं न तपासता विकत घ्यावी अशी वस्तू अजून जगात तयार व्हायची आहे. लोक दुकानात जाऊन वस्तू पाहतात. हा माणूस ती तिथंच वापरून काढतो. कुकर घ्यायचा तर घरून भिजवलेली डाळ डब्यात घालून नेणार आणि दुकानदाराला गॅस पेटवायला लावणार. छत्री घ्यायची तर ती उघडून भर मे महिन्यात रस्त्याकडेच्या नळाखाली उभा राहणार, आणि येणारे-जाणारे ‘बाबूजी को लू लग गई’ म्हणत त्याला सावलीत ओढणार. खुर्ची घ्यायची तर सोबत वर्तमानपत्र. शेवटच्या पानावरचं शब्दकोडं सुटेपर्यंत पाठ दुखली नाही, तरच खुर्ची घरी येणार. त्याच्या थोरल्या मुलीसाठी स्थळ पाहायला आम्ही दुर्गला गेलो होतो. तिथं यानं पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि मुलाला म्हणाला, “आमच्या गाडीचं चाक बसलं वाटते. पाहता काय जरा?” चाक आपोआप बसलेलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी यानंच त्यातली हवा सोडली होती. मी हादरलो. मुलगा मात्र बाह्या सारून चाकाशी बसला, आणि आज तो त्याचा जावई आहे.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यांत माझी थोरली. म्हणून मी थोरला साडभाऊ. तो रेल्वेतून निवृत्त होऊन रायपूरच्या गुढ़ियारीत राहतो, मी ब्राह्मणपाऱ्यात. तर या माणसाची एक गोष्ट आमच्या नातेवाइकांत लग्नात सांगतात, बारशात सांगतात, आणि जेवणं उरकली की तेरवीतसुद्धा सांगतात. गोष्ट अशी, की आयुष्यभर प्रत्येक वस्तूचा जीव घेणाऱ्या या गृहस्थानं ऐन वेळी कंजूषपणा केला, स्वस्तातली पेटी उचलली आणि बायकोला जंगलातून अर्ध्यावर परत आणलं. लोक पोट धरून हसतात. मीही हसलो आहे. पण ही गोष्ट खोटी आहे, आणि खरी काय ते आमच्या नातेवाइकांत माझ्याशिवाय एकाच माणसानं पाहिलेलं आहे. तो सांगणार नाही. म्हणून मला लिहायला हवं.

माझ्या मेहुणीला झोपेत श्वास अडकायचा त्रास आहे. रात्री नाकावर मास्क लावून, हवा देणाऱ्या मशीनवर झोपावं लागतं. त्याशिवाय डोळा लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं. मशीनला वीज लागते, त्यामुळे जिथं भिंतीत प्लग तिथंच तिची रात्र. या दोघी बहिणींचं लहानपण फॉरेस्टच्या क्वार्टरात गेलं. त्यांचे वडील गोंदियाकडे वनरक्षक होते. मेहुणीची एकच इच्छा राहिली होती, की एकदा तरी जंगलात, पाण्याच्या काठी, उघड्यावर जाग यावी. मी सुचवलं, एखाद्या चांगल्या लॉजमध्ये जा, वीजही मिळेल. ती म्हणाली, “भाऊजी, खोलीतच उठायचं तं गुढ़ियारी काय वाईट आहे?”

साडूनं हे मनावर घेतलं. आधी तंबू आणला आणि अंगणात ठोकून आत बसला. मेहुणी बाहेरून बादल्या ओतत होती आणि तो आतून ‘अजून, अजून’ ओरडत होता. शेजारच्यांनी फाटकात येऊन विचारलं, भांडण झालं का. तंबू पास झाला. मग निघाला पेटीचा विषय. हल्ली बॅटरीच्या पेट्या मिळतात. घरी चार्ज करायच्या आणि वीज नसेल तिथं त्यांच्यात प्लग खुपसायचा. दुकानदार त्यांना पॉवर स्टेशन म्हणतात, त्यामुळे माझ्या बायकोला काही दिवस वाटत होतं, की आपल्या बहिणीचा नवरा कोरब्याला आहे तसलं वीज बनवायचं केंद्रच घेऊन राहिला आहे. मोठ्या पेट्या पेन्शनला झेपणाऱ्या नव्हत्या. लहानांतली निवडायची होती, आणि ती रात्रभर टिकायला हवी होती.

एका दुपारी मला जयस्तंभ चौकातल्या दुकानातून फोन आला. “अंकलजी, आपके रिश्तेदार हमारे यहाँ सो गए हैं।” मला वाटलं, गेला. मिळेल ती रिक्षा धरली. पोचून पाहतो तो दोन फ्रिजच्या मधल्या जागेत गादी, गादीवर साडू उताणा, नाकावर बायकोचा मास्क, मशीन घुमतं आहे, मशीनची वायर पेटीत, आणि भोवती गिऱ्हाइकं अदबीनं उभी. एका बाईंनी तर डोक्यावर पदर घेतला होता. “कब से ऐसे हैं?” त्यांनी हळूच विचारलं. साडूनं मास्क उचलला, “सुबह से” म्हणाला आणि मास्क परत लावला.

“हे काय करून राहिले तुम्ही?” मी ओरडलो.

“झोपून राहिलो, साडभाऊ. तिले जेवढं झोपायचं, तेवढं आधी मी झोपून पाहतो. मधात बोलायले लावू नका, हवा सुटते.”

“अहो, लोक पाहून राहिले!”

“पाहू द्या. जंगलात बंद पडली तं पाहायले लोक कुठून आणू?”

दुकानदार बिचारा सज्जन. तो फक्त एवढंच म्हणाला, “अंकलजी, बिल बना दूँ कि चादर दूँ?”

शटर पडायची वेळ झाली तरी पेटीचा दिवा जळत होता. साडू उठून बसला. त्याच्या गालांवर मास्कचे वळ होते आणि चेहऱ्यावर मुलगी पास झाल्याचा आनंद. “हेच घेतो,” तो म्हणाला. आणि इथं मी तोंड उघडलं.

मी वीज कार्यालयात होतो हे खरं आहे. पण मी आस्थापना विभागात होतो. लोकांच्या रजा मंजूर करण्यात माझी उभी नोकरी सरली. तरीही कोणाकडे फ्यूज उडाला की नातेवाईक मला फोन करतात, आणि मी कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. त्या दिवशी शेजारच्या पेटीवर मला दुप्पट आकडा दिसला, आणि किंमत उलट कमी. मी म्हणालो, “साडभाऊ, आकडा पाहा. दुप्पट वीज, अन् कमी पैशात. दिवसभर लोळून हेच शोधलं काय?” दुकानदार चाचरत म्हणाला, की ती पेटी मिक्सरबिक्सर चालवायला चांगली आहे, रात्रभरासाठी नाही. मी त्याला गप्प केलं. “मैं बिजली दफ़्तर में था।” आता मला माहीत आहे, की पेटीवर दोन आकडे असतात. एका वेळी केवढा भार ती ओढेल हा एक, आणि किती वेळ पुरेल हा दुसरा. मी पहिला वाचला. दुसरा बारीक अक्षरात होता आणि माझा चष्मा घरी होता.

साडूनं नव्या पेटीकडे पाहून मान हलवली. “हव. मग उद्या हिच्यावर झोपून पाहतो.”

याचा मला राग आला. का आला ते आज सांगता येत नाही. “म्हणजे माझा शब्दही तुम्ही झोपून पाहणार काय?”

तो एकदम ओशाळला. कुकर, खुर्ची, जावई, कोणालाही न सोडणारा हा माणूस थोरल्या साडभाऊचा शब्द मात्र तपासायला तयार नव्हता. आमच्यात तशी रीतच नाही. “नाही, नाही,” तो म्हणाला, “तुम्ही म्हणता तं झालं.” आणि जिच्यावर दिवस काढला होता ती पेटी तिथंच ठेवून दुसरी उचलली.

गंगरेल धरणाच्या पाण्याकाठी, जंगलाला लागून, त्याच्या एका रेल्वेतल्या मित्राचं शेत आहे. आम्ही चौघं तिथं गेलो. मेहुणीनं पोचल्या पोचल्या चपला काढून पाण्यात पाय घातले आणि आपल्या बहिणीवर पाणी उडवलं. साठी ओलांडलेल्या त्या दोन बायका पोट्ट्यांसारख्या किंचाळत होत्या, आणि साडू तंबूच्या दोऱ्या ओढून ओढून पाहत होता. वांग्याची भाजी, भात, वर तारे. जेवण झाल्यावर मेहुणी मास्क लावून तंबूत आडवी झाली. बाहेर आमच्या गप्पा अजून संपल्याही नव्हत्या, तेवढ्यात पेटी पीं पीं करू लागली आणि तिचा दिवा विझला. मशीन थांबलं. तंबूतून मेहुणी उठून बसल्याचा आवाज आला.

साडूनं पेटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, अगदी क्षणभर. आता हा बोलणार, आणि त्यानं बोलायलाच हवं, अशा तयारीत मी उभा होतो. तो तंबूकडे वळून म्हणाला, “माह्यंच चुकलं. मी स्वस्तातली घेतली.”

त्याच्यापायी मला बसलेल्या सगळ्या धक्क्यांत हा सर्वांत मोठा. इतका मोठा, की माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आणि तो फुटला नाही म्हणून ती गोष्ट तशीच रायपूरला आली. मशीनशिवाय तिला झोपता येणार नव्हतं, म्हणून त्याच रात्री आम्ही तंबू गुंडाळून निघालो. परतीच्या वाटेवर मेहुणी पुढच्या सीटवर काच खाली करून बसली होती.

पुन्हा जायचं ठरेपर्यंत तिचे गुडघे गेले, हृदयानंही कुरकुर सुरू केली, आणि डॉक्टरांनी शहराबाहेर मुक्काम बंद केला. परवा तिच्या नातवाच्या बारशात कोणीतरी ती गोष्ट काढली, तेव्हा मी उभा राहून खरं काय ते सांगितलं. सगळ्यांसमोर, चष्म्यासकट. कोणीही विश्वास ठेवला नाही. “मौसाजी, आप भी ना! पापाजी को बचा रहे हैं!” म्हणत तोच दुर्गचा जावई हसत सुटला. खुद्द साडू माझ्या ताटात जिलेबी वाढत म्हणाला, “जाऊ द्या साडभाऊ, चांगली चालू गोष्ट काहून बिघडवता?”

सगळे पांगल्यावर मेहुणी भिंतीला धरत धरत माझ्याजवळ येऊन बसली. शेजारी निजवलेल्या बाळाची कुंची तिनं सारखी केली.

“भाऊजी, हे दुकानात ज्या पेटीवर झोपले होते, ती नेली असती तं सकाळपर्यंत चालली असती?”

“चालली असती,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं.

“त्या काठावर ऊन कोणीकडून येते हो? पाण्यावरून, की मागच्या झाडांतून?”

तिथली सकाळ आमच्यापैकी कोणीच पाहिलेली नाही.