स्वयंपाकघरापर्यंतचं रेडिओ स्टेशन

सोप्या गोष्टींचा आमच्या मामांइतका राग साऱ्या मराठवाड्यात कुणाला नसेल. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. लोहाऱ्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा मी त्यांच्याकडेच राहायला होतो. दार कुरकुरलं तर कुणीही तेलाचं बोट लावेल. मामांनी ते बिजागऱ्यांसकट उपटलं. आठवडाभर आम्ही घोंगडं लावून दिवस काढले. मग दार परत बसलं ते उलटं, बाहेरच्या बाजूला उघडणारं, आणि कुरकुर होतीच. "आता ती बाहेर जाती, आपल्याला तरास न्हाय," असं म्हणून मामा समाधानानं चहा प्यायला बसले.

त्या वर्षी त्यांनी ढेळजेत, म्हणजे वाड्याच्या दारालगतच्या ओसरीत, व्हॉल्व्ह, तारा, बॅटऱ्या आणि एका मोडक्या टेलिफोनचा बोलायचा तुकडा असा संसार मांडला. "ह्यातून गाणं जाणार," ते म्हणाले. कुठं? "हवेत." मग? "मग आत. सैपाकघरात." मी पडलो मराठीचा मास्तर. गाणं वाजणार ढेळजेतल्या फोनोवर, म्हणजे ग्रामोफोनवर, तिथून हवेत चढणार आणि दहा पावलांवरच्या स्वयंपाकघरात उतरणार, हे काही केल्या माझ्या टाळक्यात शिरेना. तिथं मिठाच्या बरणीशेजारी मामांनीच जुळवलेला एक छोटा रेडिओ होता. तो बाजारभाव सांगतो अशी मामांच्या आईची समजूत होती, म्हणून त्याला आत जागा मिळाली होती. शेवटी मी विचारलं, "मामा, फोनोच उचलून आत ठेवला तर?"

मामांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "मधी आई बसलीया. बायकोला गाणं ऐकवाया फोनो उचलून नेला, तर गावात तोंड दाखवू का?"

तेव्हा कुठं थोडा उजेड पडला. सोलापूरहून आणलेली एक तबकडी आत्याला फार आवडायची. सासरी नांदणारी मुलगी आपल्याला न्यायला येणाऱ्या माहेरच्या मुराळ्याची वाट बघते, असं ते गाणं होतं. आत्या पिठाच्या हातांनी दाराआड उभी राहायची आणि गाणं अर्ध्यावर आलं की सासूबाईंची हाक यायचीच, "सूनबाई, भाकर करपली!" शेवट तिनं कधी ऐकलाच नव्हता. "मुराळी येतो का रे शेवटाला?" तिनं मला एकदा विचारलं. मी चालीवरच डोलत होतो, शब्दांकडं कोण बघतं!

मामा रोज यंत्र चालवायचे आणि आतल्या रेडिओत नुसती खरखर. गाणं पोचत नाही म्हणून ते तार लांबवत गेले. आधी कौलांवर, मग लिंबावर, मग शेजाऱ्याच्या माडीवर. एका संध्याकाळी त्यांनी तबकडी लावली, टेलिफोनचा तुकडा कर्ण्यापुढं धरला आणि कधी नव्हे ते त्यात तोंड घालून हळूच बोलले, "सरू, ऐकतीस न्हवं? आज शेवटपर्यंत ऐक."

बायकोचं नाव उखाण्याबाहेर कुणी घेत नसे, तो काळ. आणि ते नाव उमटलं चावडीवरच्या पंचायतीच्या रेडिओतून, शेतीचा कार्यक्रम ऐकायला बसलेल्या साऱ्या गावासमोर! मी तिथंच होतो. आवाज असा चिरकलेला की कुणाला ओळखू येईना. गावात सरू नावाच्या बायका ढिगानं. त्यांचे नवरे एकमेकांकडं संशयानं बघू लागले. "ह्यो चीनचा डाव हाय," एक म्हातारा म्हणाला. गाणं संपेपर्यंत गाव गोंधळलेलंच होतं. पलीकडं मारुतीच्या देवळात बसलेल्या मामांच्या आईनं मात्र लेकाचा आवाज ओळखला आणि त्या काठी टेकत घराकडं निघाल्या.

मी मागोमाग पोचलो, तर मामा आत्याला विचारत होते, "ऐकलंस?"

"काय? ते नुसतं खरखरतंय. बॅटरी जळती म्हणून मी बंद करून ठिवलंय."

मामांनी टेलिफोनचा तुकडा खाली ठेवला. इतके दिवस हा खटाटोप कशासाठी चालला होता, हे त्यांनी फक्त तिलाच सांगितलं नव्हतं. म्हातारी दारात उभी. आता काय होतंय म्हणून मी अंग चोरलं. ती एवढंच म्हणाली, "उचल तो फोनो, आत नेऊन ठीव. समद्या गावानं ऐकलं, तिनंच काय घोडं मारलंय?"

त्या संध्याकाळी भाकऱ्या सासूनं थापल्या आणि आत्यानं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. "आला का मुराळी?" मी विचारलं. "न्हाय की रे," ती हसत म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत राहिली. मामा दाराबाहेर उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मामा घरात नव्हते. कुठं गेले, कुणालाच ठाऊक नाही. दिवस मावळताना ते एसटीतून उतरले. त्यांच्यामागं अणदूरहून आलेले माझे वडील, आत्याचे सख्खे भाऊ. शेतीच्या रगाड्यात त्यांना कित्येक वर्षं भाऊबीजेलाही येणं जमलं नव्हतं. "मुराळी आणलाय," मामा आत्याकडं न बघता म्हणाले, "जाऊन ये चार दिवस."

पुढं बऱ्याच वर्षांनी आत्या वारली, मग मामाही गेले. ते यंत्र कसं चालायचं, मला अजून कळलेलं नाही. पण जन्मभर आडवाटेनं चाललेला तो माणूस त्या दिवशी सरळ रस्त्यानं अणदूरला गेला होता, एवढं मात्र मला कळलं.