दुपारी गढूळ होणारी बाटली

"बोट दिसून राहिलं काय?" बाटली खिडकीकडे धरून, तिच्यामागे आपलं बोट ठेवून बाई विचारायच्या. बोट स्वच्छ दिसलं तर तेल पाण्यात जमलं. धूसर दिसलं तर दिवस वाया. तुमच्याही कामाच्या जागी असं एखादं माणूस असेल, ज्याला जेवायची आठवण दुसऱ्यांनी करून द्यावी लागते.

गोंदियाजवळच्या आमच्या कॉलेजात त्या मला वरिष्ठ. माहेर सालेकशाकडचं, घरी धानाची शेती. धाकटा भाऊ औषध फवारता फवारता बांधावर कोसळला तो उठलाच नाही. त्या औषधातल्या द्रावकाला, म्हणजे औषध ज्यात विरघळवतात त्या पातळ तेलाला, रॉकेलसारखा उग्र वास होता. तेव्हापासून बाईंचा एकच ध्यास: द्रावक नको, नुसतं कडुनिंबाचं तेल आणि पाणी एकजीव करायचं. काचेसारखं नितळ मायक्रोइमल्शन.

मी बाटली हलवायला घेतली की हातावर चापट बसे. "घुसळू नोको गा. घुसळून जमलेलं फाटते. रेणू बरोबर असला तर त्याचं तो जमते."

हा रेणू सर्फॅक्टंटचा, म्हणजे साबणाच्या भावकीतला. डोकं पाण्यात, शेपूट तेलात. डोकं पुरेसं मोठं असलं तर हे रेणू तेलाच्या कणाभोवती नीट वाकून बसतात. आमच्या रेणूचं डोकं लहान. मे महिन्यात दुपारी ते धरून ठेवलेलं पाणी सोडी आणि सगळी बैठक मोडे. बाटली दुधासारखी पांढरी होई.

आणि नेमका तेव्हाच खोलीत रॉकेलसारखा वास येई.

द्रावकाचा एक थेंबही आमच्याकडे नव्हता. मी रसायनशास्त्र शिकवतो. भुताखेतांवर विश्वास ठेवायची सोय आमच्या नोकरीत नाही. पण वास मलाही यायचा.

"आला वाटते," बाई शांतपणे म्हणत. मग उठून पंखा बंद करत, वास उडून जाऊ नये म्हणून.

मोठ्या डोक्याचा, वाकड्या शेपटीचा सर्फॅक्टंट कपाटात तसाच पडून होता. तो उन्हातही टिकला असता. मी सुचवलं की बाई चिडत, "काऊन घाई करून राहिला तू?" मला कळायला उशीर झाला. बाटली नितळ राहिली तर भाऊ यायचा थांबेल, ही त्यांना भीती होती.

मग शेजारच्या गावातला एक तरुण फवारणी करताना चक्कर येऊन पडला. बाई त्याला दवाखान्यात बघून आल्या. त्याची बहीण खाटेच्या पायथ्याशी बसली होती, एवढंच त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं.

त्या दुपारी छताचे पत्रे तापून कडकड वाजत होते. बाटली नितळच राहिली. बाईंनी पंखा बंद केला. आम्ही दोघं घामाने निथळत बसून राहिलो. ऊन उतरलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाही आला." मला रडू आवरलं नाही.

नंतर त्यांनी नोकरी सोडली. आता त्या माहेरच्या गावीच असतात आणि आपलं औषध स्वतः फवारतात. मागच्या हंगामात मी भेटायला गेलो, तेव्हा त्या पाठीवर पंप घेऊन बांधावरून येत होत्या. बांध चांगला रुंद होता. बाई मात्र अगदी कडेने, पाय घसरेल इतक्या कडेने चालत होत्या, आणि उरलेली वाट त्यांनी, बरोबर कुणी चालत असावं तशी, मोकळी ठेवली होती.