नागरबाईची मालकीण

दुपारी एक वाजला की नागरबाई गिरणी बंद करायची. कुणाचं दळण अर्धं झालेलं असो, बटण दाबलं की दाबलं. मग डोक्याचं फडकं सोडून भुवयांवरचं पीठ पुसायची आणि रस्त्याकडे तोंड करून बसायची. त्या रस्त्यानं महानंदा जेवण घेऊन येई. आम्ही बायका डबे धरून ताटकळत उभ्या. कुणी कुरकुर केली तर नागरबाई म्हणायची, "माझी मालकीण आली. तिची भाकर वाळवून तुमचं पीठ काढू का?"

आमच्याकडे पुरुष आपल्या बायकोला मालकीण म्हणतो. एका बाईनं दुसरीला तसं म्हटलं म्हणून आम्ही हसायचो. ती हसत नसे. महानंदाही तिला नावानं हाक मारत नसे. "ऐकलं का," म्हणायची. नवऱ्याला म्हणतात तसं. सगळ्या गावानं हे रोज ऐकलं आणि सगळ्या गावानं ती थट्टा समजली. मीसुद्धा.

आमचं गाव किल्लारीच्या अंगाचं. भूकंपात जुनं गाव गेलं. नागरबाईचा नवरा गेला, सासू गेली, चार दिवसांसाठी राहायला आलेली पाठची बहीण गेली. महानंदाला तिच्या नवऱ्यानं आधीच माहेरी आणून सोडलं होतं. तिचे आईबाप गेले. तिचा भाऊ उदगीरला दुकान चालवायचा. तो आला, आईबापाला माती दिली आणि बहिणीला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून परत गेला. दोघींचं शेड एक, मध्ये गोणपाटाचा पडदा. एके दिवशी पाहिलं तर पडदा धुऊन बाहेर वाळत घातला होता. तो परत लागला नाही.

दोघी लिंगायत. गळ्यात इष्टलिंग. ते तळहातावर घेऊन त्यांनी त्या शेडमध्ये एकमेकींना शब्द दिला होता. हे मला नागरबाईनं वीस वर्षांनी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. मी म्हटलं, साक्षीला कोण होतं? ती म्हणाली, "देव हातात होता की. आनखी कोन पायजे, तलाठी?"

बोलायला अशी. दळण टाकायच्या आधी चिमूटभर धान्य दाताखाली धरायची आणि तोंडावर सांगायची, की ही ज्वारी भिजलेली आहे, सुनेला बोल लावू नको, भाकरी तुटणारच. गोड बोलणं तिला जमत नव्हतं. खोटं तर मुळीच जमत नव्हतं. त्यामुळे लोक तिला वचकून असत. महानंदा मवाळ. नागरबाई ज्यांना तोडून बोलली त्यांच्याकडे ती संध्याकाळी जाऊन बसायची.

नव्या गावात रेशनकार्डं झाली तेव्हा मी दोघींबरोबर तालुक्याला गेले होते. मी चौथी शिकलेली, आमच्या गल्लीतले कागद मीच वाचायची. कार्डावर एक रकाना होता, कुटुंबप्रमुखाशी नातं. कारकुनानं पेन धरलं आणि विचारलं, ही तुमची कोण? नागरबाई तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणाले, बहीण. त्यानं लिहिलं. बाहेर आल्यावर नागरबाई माझ्यावर भडकली. "बहीन माझी ढिगाऱ्याखाली मेली. मी सोता काढली तिला. तू दुसरी कुठून आनलीस?" मी म्हटलं, साखर मिळाली ना, मग झालं. मी तिचं भलं केलं असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

दिल्लीच्या मोठ्या कोर्टात दोन बायकांच्या, दोन पुरुषांच्या लग्नाची सुनावणी चालू होती तेव्हा टीव्हीवर रोज तेच. गिरणीवरही तेच. आमचे एक निवृत्त गुरुजी गहू घेऊन आले आणि म्हणाले, असल्या लग्नांनी समाज बुडेल. नागरबाई गहू पाखडत होती. न बघता म्हणाली, "गुरुजी, समाज बुडला तवा तुमी आन् मी शेजारशेजारच्या पत्र्यात होतो. दोन बायकांनी बुडवला न्हवता, जमीन हलली होती." गुरुजींनी वंशाचं काढलं. तिनं विचारलं, की दोन्ही लेकरं पुण्याला, मग तुमचा गहू तुम्ही का घेऊन आलात? गुरुजी दळण ठेवून गेले.

पुढे निकाल आला. कोर्ट म्हणालं, आम्ही हे लग्न मान्य करू शकत नाही, कायदा करायचा तर तो तिकडं संसदेत व्हायला पाहिजे. मला वाटलं, नागरबाईला वाईट वाटलं असेल. तिला काही वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "सरकारनं रस्ता करावा, लाईट द्यावी. चुलीपाशी त्याचं काय काम? आमी काय इचारून संसार केला का?"

तेव्हा मी तिला माझी गोष्ट सांगितली. माझा नवरा नांदेडला नोकरीला होता. तिथं त्यानं दुसरी बाई ठेवली. एकोणीस वर्षं तो घरी आला नाही. एक दिवस नांदेडच्या दवाखान्यातून फोन आला, तुमचे मालक वारले, येऊन ताब्यात घ्या. मी गेले. कागदावर बायको मी. सही केली, मयत जीपमध्ये घातलं आणि गावी आणलं. त्याला शेवटपर्यंत भाकरी घालणारी बाई फाटकाबाहेर उभी होती. मी नागरबाईला म्हटलं, बघ, संसार कुणी केला हे कुणी विचारत नाही. कागद कुणाचा ते विचारतात. सरकार लग्नात पाहिजे. नाहीतर तुझ्यासारखीला फाटकाबाहेर उभं राहावं लागतं.

तिनं एवढंच विचारलं, "मग तू त्या बाईला तोंड बगू दिलंस का?"

मी म्हणाले, नाही.

तिनं माझा डबा भरून दिला.

नागरबाईच्या दोन एकराच्या बांधावर एक लिंबाचं झाड आहे. तिथं तिनं दोघींची जागा धरून ठेवली होती. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. ती मला दाखवायची, इथं मी, इथं ती, समोरासमोर. "बसल्या बसल्या बोलता आलं पायजे. लई बोलती ती." महानंदा म्हणायची, मेल्यावर तरी गप राहू द्या मला. ही एकच गोष्ट नागरबाई देवाजवळ मागायची. दुसरं काही मागताना मी तिला पाहिलं नाही.

गेल्या वर्षी महानंदाच्या आतड्याला पीळ पडला. लातूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन, जवळच्या नातेवाइकाची सही लागेल. सिस्टरनं विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? नागरबाई म्हणाली, घरची. घरची म्हणजे कोण? "घरची म्हंजे घरची. तीस साल झाले." सिस्टर वैतागली. आतून महानंदाचं ओरडणं ऐकू येत होतं. मी पिशवीतून रेशनकार्ड काढून पुढे केलं आणि म्हणाले, बहीण. नागरबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग सही केली. जन्मात तिनं केलेलं हे एकच खोटं, आणि ते माझ्या तोंडचं होतं.

महानंदा तिसऱ्या दिवशी गेली.

तिच्या भावाला नागरबाईनंच कळवलं. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, रक्ताचा आहे, कळवलं पाहिजे. तो दोन गाड्या घेऊन आला. डॉक्टरांना म्हणाला, मला एकच बहीण होती, ती आत मेलेली पडली आहे, मग ही कोण? आधार कार्डं काढायला लावली. दोघींच्या बापांची नावं वेगळी. तो म्हणाला, खोटी सही करून माझ्या बहिणीचं पोट फाडलं, केस करतो. नागरबाई त्याच्यासमोर हात जोडून उभी राहिली. तिला माणसासमोर हात जोडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "खुशाल केस कर, भाऊ. मी जाते जेलात. पन तिला आपल्या गावाला ने. मी जागा ठेवलीय."

तो म्हणाला, "तू तिची कोण?"

जिच्याजवळ गुरुजींना उत्तर होतं, कोर्टाला उत्तर होतं, तिला उत्तर आलं नाही. मला येत होतं. मी बोलले नाही. कार्डावरचा शब्द माझा होता आणि केस म्हटल्यावर मी घाबरले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आता लिहिते आहे.

मयत उदगीरला गेलं. तिला गाडीत घेतलं नाही. आम्ही एसटीनं परत आलो. बसमध्ये ती एकदाच बोलली. "पारबती, चुकलं माझं. मी म्हनायची, सरकारला चुलीपाशी कशाला बोलवायचं. ते न बोलवता येतंय. मग त्याला नीट बोलवलेलं बरं."

महिन्याभरानं ती रेशनकार्ड घेऊन तालुक्याला निघाली. मी बरोबर होते. कारकून पोरसवदा, बोलायला चांगला. म्हणाला, आजी, मयताचं नाव कमी करून देतो. ती म्हणाली, "कमी करायच्या आदी खरं लिव्हा. मग कमी करा." त्यानं विचारलं, खरं म्हणजे काय? तिनं सांगितलं. मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. तो हसला नाही. त्यानं कॉम्प्युटर तिच्याकडे वळवून दाखवला, की आजी, यात जेवढी नाती आहेत तेवढीच मला निवडता येतात, तुमचं यात नाही. तिला सहीपुरतंच येत होतं, वाचता येत नव्हतं. तरी ती पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली. अशी ती चार वेळा गेली. चौथ्या वेळी त्यानं तिला चहा पाजला आणि पुन्हा येऊ नका म्हणाला. नाव कमी झालं. जुन्या नोंदीत नातं बहीणच राहिलं.

नागरबाई या उन्हाळ्यात गेली. चार दिवस ताप होता. दवाखान्यात नेते म्हटलं तर म्हणाली, तिथं सही कोण करणार? दिराच्या पोरानं बांधावर खड्डा काढला, रीतीनं बसवलं. समोरची जागा कशाला मोकळी ठेवली, असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, असू दे.

जीव गेला तेव्हा जवळ मीच होते, म्हणून मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत मी गेले. ग्रामसेवक एकेक विचारत लिहीत होते. नाव, वय, आईचं नाव. पती किंवा पत्नीचं नाव विचारलं तेव्हा मी म्हणाले, महानंदा.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मावशी, असं लिहिता येत नाही, म्हणाले. माणूस वाईट नाही. मी म्हटलं, नवऱ्याबरोबर ती आठ वर्षं राहिली, महानंदाबरोबर तीस, गावाला विचारा. ते म्हणाले, गावाला विचारून नोंद होत नाही. त्यांनी भूकंपात गेलेल्या नवऱ्याचं नाव लिहिलं, अर्ज माझ्याकडे फिरवला आणि माहिती देणाऱ्याची सही इथं, म्हणून बोट ठेवलं. मी सगळं वाचलं. दोन वेळा वाचलं. पेन उचललं नाही.

दाखला निघायचा तो निघालाच. दिराच्या पोरानं सही केली. त्या कागदावर माझं नाव नाही. नागरबाईसाठी मी एवढंच केलं, आणि तेही ती गेल्यावर.