भोंगेवाल्याची बातमी

त्याचं नाव मला कधीच कळलं नाही. दिग्रसजवळच्या आमच्या गावी टुरिंग टॉकीज आली, की हा काटकुळा माणूस टांग्यात उभा राहून पत्र्याच्या भोंग्यातून सिनेमा पुकारायचा. तोंड उघडण्याआधी गळ्यातला रुमाल जरा सैल करायचा.

त्या वर्षी हगवणीनं गावातली पोरं दगावली. सरकारी दवाखान्यातलं औषध नगराध्यक्षाच्या साळ्याच्या दुकानात विकलं जात होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि गावच्या साप्ताहिकात मात्र नगराध्यक्षाच्या सत्काराचा फोटो! आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

एका बाजाराच्या दिवशी टांगा मधोमध थांबला. त्यानं रुमाल सैल केला.

"आज सिनेमाचं सांगत नाही. दवाखान्याची दवाई नगराध्यक्षाच्या साळ्याच्या दुकानात हाय. ज्याले पाहाचं त्यानं जाऊन पाहा!"

पोलिसांनी त्याला भोंग्यासकट नेलं. सुटला तेव्हा ओठ फाटला होता.

"काहून जिवावर उदार होता, भाऊ?" मी विचारलं.

"माह्या आवाजावर लोकं तिकीट काढते," तो म्हणाला. "मंग त्याईले खरं कायले नाही सांगू?"

साप्ताहिकानं अखेर बातमी छापली, ती अशी: एका दारुड्यानं बाजारात गोंधळ घातला.

पुढच्या बाजारी तो तोच अंक घेऊन आला. भोंगा नव्हता, म्हणून तोंडाभोवती हात धरून ओरडला, "पेपर म्हन्ते, मी दारू पेलो. मंग पोरायची दवाई कोनं पेली?"

भाजीवाल्या बाया आधी उठल्या, आणि मग सगळा बाजार साळ्याच्या दुकानाकडे निघाला.