टेम्पोवाल्याची इंग्रजी सही

बाळांनो, आपल्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या परभणीच्या बाई तुम्हाला आठवत असतील. त्यांचा नवरा चाकणला टेम्पो चालवायचा. गेल्या वर्षी त्याच्या टेम्पोतल्या ड्रमांमध्ये अमली पदार्थ सापडले. तो पकडला गेला, आणि ज्याच्या गोदामातून ते ड्रम निघाले तो मालकही.

मालकाला चार महिन्यांत जामीन मिळाला. त्याच्याजवळ काही सापडलं नाही आणि गोदाम भाड्याने दिलेलं होतं, असं वकिलांनी दाखवलं. रहाटणीच्या चौकात स्वागताचे फ्लेक्स लागले, जेसीबीवरून फुलं उधळली गेली. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष हार घेऊन गेले होते, आणि हे त्यांनी मला लिफ्टमध्ये हसत सांगितलं. इतकी किळस आली की मधल्याच मजल्यावर उतरून मी जिन्याने खाली गेले.

ड्रायव्हरचा अर्ज मात्र फेटाळला गेला. आदेश इंग्रजीत, म्हणून बाई तो माझ्याकडे घेऊन आल्या. मालाचं प्रमाण एवढं मोठं असलं, की आरोपी निर्दोष असावा असं कोर्टाला वाटल्याशिवाय जामीन मिळत नाही, हे मी त्यांना समजावलं. पुढचा परिच्छेद मी पुन्हा पहिल्यापासून वाचला. 'माल उघडून, तपासून ताब्यात घेतला' असं माल नेण्याच्या चलनावर इंग्रजीत छापलेलं होतं. आपल्याला ते वाचता येत नाही, असं ड्रायव्हर म्हणाला होता. कोर्टाला ते पटलं नाही, कारण खाली त्याची सही वळणदार इंग्रजीत होती.

ती सही मी शिकवली होती. मराठी सहीला कंपनीच्या गेटवर हसतात, म्हणून तो लाजायचा. आठवडाभर मी त्याला दुरेघी वहीत गिरवायला लावलं. बाकीची अक्षरं नंतर शिकवीन म्हणाले, आणि ते राहूनच गेलं. मला स्वतःचीही किळस आली.

बाई रडल्या नाहीत. "आजी, सही सोडून त्यांना एक अक्षर येत न्हाई, हे तुमी कोर्टात सांगताल का?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी वही शोधून काढली. पानामागून पान तीच सही, दुसरा एक शब्दही नाही. वही ड्रायव्हरच्या वकिलांकडे दिली आहे. आता हायकोर्टात अर्ज जाईल, आणि पुढे खटल्यात मला साक्षीला कधी बोलावतील ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले. कोर्टाच्या भानगडीत पडू नका, असा सल्ला अध्यक्षांनी दिलाच.

म्हणून दिवाळीला तुमच्याकडे यायचं माझं तिकीट रद्द करायला तुमच्या बाबाला कळवलं आहे.