एक टक्का जास्तीचा

मंडळी, साताऱ्यातलं आमचं घर विकायचंय, म्हणून आज सकाळी एका एजंटाकडं गेलो होतो. परत आल्यापासून नुसता बसून आहे. लिहून टाकतो.

हे घर आम्ही नव्वदच्या दशकात घेतलं. मी कोरेगावहून बदली होऊन आलेला शिक्षक. तेव्हाचा एजंट स्कूटरवर मागं बसवून घरं दाखवायचा. घेणाऱ्याकडून दोन टक्के, विकणाऱ्याकडून दोन, असा त्याचा दर. दोन घरं पसंत पडली. दोन्हीकडं चहा झाला, मालकानं "पाहुणे कुठले तुमचे?" विचारलं, आणि आम्ही बौद्ध आहोत हे कळल्यावर त्यांचं घर विकायचंच रद्द झालं.

तिसऱ्या घराआधी एजंट म्हणाला, "गुर्जी, तुमाला तीन टक्के पडतील. मालकाला लय समजवावं लागतंय." वाईट माणूस नव्हता तो. मी तीन दिले.

आजचा एजंट तरुण, बोलायला गोड. आमचं आडनाव सगळ्याच समाजांत सापडतं, त्यामुळं त्याला काही कळलं नाही. म्हणाला, "काका, दोनच टक्के. आणि गिऱ्हाईक मी माणसं बघूनच आणतो. आडनाव, समाज, सगळं आधी विचारून घेतो. शेजाऱ्यांची कटकट नको. त्याचं वेगळं काय घेत न्हाई."

भांडायचं त्राण राहिलं नाही आता. टेबलावर ठेवलेली घराची किल्ली उचलली आणि निघालो.

आडनाव न विचारता घर दाखवणारा एजंट आहे का कुणी तुमच्या ओळखीत? असला तर कळवा. मी तीन टक्के देतो.