डिस्कवरचं तेल
मशीनच्या तेलाचा वास आला की ती डिस्क आठवते. मुलाच्या मोटारसायकलला मोठी, भोकांची ब्रेक डिस्क मीच पसंत करून गावातल्या मेकॅनिककडून बसवून घेतली होती. गाडी धुतली आणि दुसऱ्याच दिवशी डिस्कवर तांबूस गंज. मी वैतागलो, विळ्याला लावतो तसं तेल चोळून टाकलं. त्या दुपारी नवेगाव बांधच्या वळणावर ब्रेक लागला नाही; मुलगा धानाच्या बांधीत पडला, हात मोडला. "कायची डिस्क लावली बे?" तो मेकॅनिकवर तापला. "काका, याले कोनी तरी तेल लावलं, ब्रेक कसा लागन?" मेकॅनिक मला म्हणाला. तेल मीच लावलं, हे मी लपवलं. चूक मेकॅनिकचीच समजून गावाने त्याच्याकडे गाड्या नेणं सोडलं. काल मुलाला खरं सांगितलं. तो म्हणाला, "मले कायले सांगता, बाबा? त्याले सांगा."